कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिल्यास भरपाई आणि हलगर्जीपणाचा दावा : कोणती पायरी कधी आणि कशी

कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन होऊनही दिवस गेले की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'डॉक्टरवर केस करायची का' हा. त्याच्या नादात दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि बहुतेक प्रकरणे तिथेच बिघडतात. शासनाच्या योजनेतून मिळणारी ठरावीक रक्कम ही शस्त्रक्रिया अयशस्वी झाली एवढ्याच कारणावर मिळते. तिच्यासाठी कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात मागायची नुकसानभरपाई मात्र डॉक्टरचा हलगर्जीपणा पुराव्याने दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि गर्भ राहिला हा स्वतः त्याचा पुरावा ठरत नाही. पहिल्या मार्गाची मुदत फार थोडी असते. दुसऱ्या मार्गाचा सर्वांत मोलाचा पुरावा बाळंतपणाच्या किंवा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीच मिळतो आणि नंतर तो हाती लागणे अवघड होते. लोक वकील शोधण्यात चार महिने घालवतात, तेवढ्यात मुदतही टळते आणि पुरावाही जातो. म्हणून खालील टप्पे याच क्रमाने घ्यावेत.

टप्पा १ : आधी प्रकृती, मग कागद

पाळी चुकल्याबरोबर, म्हणजे उशीर झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, शस्त्रक्रिया जिथे झाली त्या रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन लघवीची तपासणी करून घ्यावी. ही दोन आठवड्यांची अट सरकारी संमतिपत्रावर छापलेली असते. सही करताना ती कोणी वाचून दाखवलेली नसते ही गोष्ट वेगळी. तपासणी 'आहे' आली तर सोनोग्राफीला विलंब करू नये. शस्त्रक्रियेनंतर राहिलेला गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत (स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत) असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते आणि असा गर्भ फुटला तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतते.

सावधान : पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर, खांदादुखी किंवा थोडासा रक्तस्राव होत असेल, तर 'ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील' असे म्हणत घरी थांबू नये. सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि आधी ऑपरेशन झाले आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे.

प्रत्येक भेटीचा केसपेपर मागून घ्यावा. 'ऑपरेशननंतर पाळी पुढेमागे होतेच, घाबरू नका' असे सांगून नर्सबाईंनी किंवा डॉक्टरांनी परत पाठवले असेल, तर त्या दिवशीची तारीख, केंद्र आणि कोण काय म्हणाले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, सोबत आशाताई असतील तर त्यांचेही नाव लिहावे. वरवर किरकोळ वाटणारी ही नोंद पुढे सहाव्या टप्प्यात फार कामाला येते.

टप्पा २ : गर्भ ठेवायचा की नाही हे वेळेत आणि माहिती घेऊन ठरवणे

वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, गर्भनिरोधक साधन किंवा पद्धत निकामी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो. अशा गर्भामुळे होणारा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा मानता येईल, असे कायदाच म्हणतो. 'सरकारी ऑपरेशन फेल झाले' म्हणून सरकारी रुग्णालयात यासाठी पैसेही पडत नाहीत.

निर्णय त्या बाईचा आहे, आणि तो कसा असावा हे सांगणे या लेखाचे काम नाही. मात्र त्याचा कायदेशीर परिणाम आधीच ठाऊक असावा. पंजाब राज्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २५ ऑगस्ट २००५ रोजी असे ठरवले की, गर्भ राहिल्याचे कळल्यानंतरही दांपत्याने मूल होऊ देण्याचे ठरवले, तर ते मूल 'नको असलेले' राहत नाही आणि त्याच्या पालनपोषणाचा खर्च मागता येत नाही. हा निकाल 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निर्णयसंग्रहात २००५ च्या ७ व्या खंडात पान १ वर आहे आणि समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला काढतो. त्यामुळे गर्भ ठेवला असेल तर त्याचे कारण कागदावर आलेले असावे : २० आठवडे उलटल्यावरच कळले, डॉक्टरांनी धोका सांगून गर्भपात नाकारला, किंवा आधीच्या सिझेरियनमुळे भीती होती. ही कारणे खरी असतील तर त्या डॉक्टरांच्या केसपेपरवर त्याच वेळी लिहून घ्यावीत. दोन वर्षांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलेल्या कारणाला तेवढे वजन राहत नाही.

टप्पा ३ : तारखांचा हिशेब

इथे थोडे थांबून गणित करावे, कारण प्रकरणाची दिशाच त्यावर ठरते. गर्भ शस्त्रक्रियेनंतर राहिला, की शस्त्रक्रियेच्या वेळी तो आधीच राहिलेला होता, हे पहिल्या सोनोग्राफीवरून काढता येते.

समजा, १० मार्च रोजी दुर्बिणीतून, म्हणजे लोक ज्याला बिनटाक्याचे म्हणतात ते, ऑपरेशन झाले. २० जूनला सोनोग्राफी केली तेव्हा अहवालात गर्भाचे वय १७ आठवडे आले. सोनोग्राफीतले वय शेवटच्या पाळीपासून मोजलेले असते. २० जूनपासून ११९ दिवस मागे गेले की २१ फेब्रुवारी येतो. गर्भधारणा साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे ७ मार्चच्या आसपास झालेली असणार. याचा अर्थ ऑपरेशनच्या तीन दिवस आधी. नलिका कितीही नीट बांधल्या असत्या तरी या बाईला दिवस राहिलेच असते.

अशा प्रकरणात 'ऑपरेशन नीट केले नाही' असा आरोप केला तर तो पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो. इथला खरा प्रश्न दुसराच असतो. बाळंतपण किंवा गर्भपाताशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत करावी, असे केंद्र शासनाच्या मानकांत आहे. या उदाहरणात ती सतराव्या-अठराव्या दिवशी झाली. इतक्या लवकरच्या दिवसांत लघवीची तपासणीही 'नाही' असेच दाखवते, म्हणून 'तपासणी केली होती' हे उत्तर पुरेसे ठरत नाही. शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती का, केसपेपरवर लिहिली होती का, आणि ती पाहूनही त्या दिवशी टेबलावर का घेतले, हे विचारायचे असते.

सोनोग्राफीच्या वयात काही दिवसांचा फरक पडू शकतो, आणि गर्भ जितका मोठा तितका हा फरक वाढतो. म्हणून सर्वांत पहिला अहवाल सर्वांत मोलाचा; नंतरच्या अहवालांवरून हिशेब करू नये.

तपासून पाहा : शेवटची पाळी, शस्त्रक्रिया, पहिली चुकलेली पाळी, पहिली लघवी तपासणी, पहिली सोनोग्राफी, गर्भ असल्याचे कळले तो दिवस. या सहा तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

नसबंदी नवऱ्याची झाली असेल तर हिशेब आणखी वेगळा. पुरुष नसबंदीनंतर लगेच संरक्षण मिळत नाही. तीन महिन्यांपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसल्यावरच नसबंदीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. गर्भ या तीन महिन्यांतच राहिला असेल तर विचारायचे ते एवढेच की दुसरे साधन वापरायला सांगितले होते का. वीर्यतपासणी न करताच प्रमाणपत्र दिले असेल तर तो भक्कम मुद्दा आहे; उलट बोलावूनही नवरा तपासणीला गेला नसेल तर दावा लंगडा पडतो.

आणखी एक गोष्ट, जी फायलीत कधी येत नाही पण घरात नेहमी येते. नवऱ्याची नसबंदी झालेली असताना बायकोला दिवस गेले की संशय तिच्यावर घेतला जातो. कोणी काही बोलण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. अहवालात शुक्राणू दिसले की तो विषय तिथेच मिटतो, आणि भरपाईच्या अर्जालाही हाच अहवाल जोडावा लागतो.

टप्पा ४ : कागदपत्रे गोळा करणे

लागणारे कागद असे : संमतिपत्राची प्रत, शस्त्रक्रियेचे टिपण, डिस्चार्ज कार्ड, नसबंदी प्रमाणपत्र, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांची नोंद, नंतरच्या भेटींचे केसपेपर, सोनोग्राफी आणि लघवी तपासणीचे अहवाल, आधार कार्ड व बँक पासबुकाची प्रत. यातले निम्मे घरात असतात, उरलेले रुग्णालयात.

रुग्णालयाकडे रुग्णाच्या सहीने लेखी अर्ज करावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितलेले दप्तर ७२ तासांत द्यायचे असते. त्याच विनियमांत दप्तर तीन वर्षेच सांभाळण्याची सक्ती आहे. शस्त्रक्रिया जुनी असेल, आणि नलिका पुन्हा जुळून चार-पाच वर्षांनीही गर्भ राहू शकतो, तर हा अर्ज आजच गेला पाहिजे.

सरकारी केंद्राने टोलवाटोलवी केली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक चार पानांचा अर्ज करतात आणि तो त्याच कारणाने परत येतो. म्हणून दोन अर्ज करावेत. पहिल्यात स्वतःच्या दप्तराच्या साक्षांकित प्रती मागाव्यात आणि ओळखपत्र जोडावे. दुसऱ्यात त्या दिवसाची माहिती मागावी : त्या केंद्रात त्या तारखेला एकूण किती स्त्री-शस्त्रक्रिया झाल्या, शल्यचिकित्सक किती होते, काम किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपले. इतर स्त्रियांची नावे मागू नयेत, त्या सबबीवर अख्खा अर्ज नाकारला जातो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे.

हा दुसरा अर्ज का? एका चमूने एका दिवसात ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत असे मानक आहे, आणि शिबिराच्या दिवशी ते पाळले गेले का हे इतर कोणत्याही कागदावरून कळत नाही. शिवाय, शिबिरातल्या केसपेपरवर शस्त्रक्रियेचे टिपण अनेकदा रबरी शिक्क्याचे असते. 'दोन्ही बाजूंच्या नलिका ओळखून रिंग टाकली, रक्तस्राव नाही' एवढा निळा शिक्का (रिंग म्हणजे नलिका बंद करणारे छोटे कडे), खाली हाताने घातलेली तारीख आणि वेडीवाकडी सही; पुढच्या बाईच्या कागदावर तोच शिक्का, तीच शाई. शिक्का म्हणजे हलगर्जीपणा असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. परंतु डॉक्टर 'मी दोन्ही नलिका पाहिल्या होत्या' असे त्या टिपणाच्या आधारे सांगू लागतील, तेव्हा शिक्का आणि त्या दिवसाचा आकडा शेजारी ठेवता आला पाहिजे.

टप्पा ५ : ९० दिवसांच्या आत योजनेचा अर्ज

सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या दुसऱ्या एका आदेशानंतर केंद्राने नसबंदीसाठी विमा योजना आणली. १ एप्रिल २०१३ पासून तीच कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना म्हणून थेट शासनामार्फत चालते. शस्त्रक्रिया सरकारी केंद्रात किंवा शासनमान्य खाजगी रुग्णालयात झालेली असेल तर ती लागू होते. शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास आधी ३०,००० रुपये मिळत. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही रक्कम ६०,००० झाली. गुंतागुंत झाल्यास डिस्चार्जपासून ६० दिवसांपर्यंतच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च ५०,००० रुपयांच्या मर्यादेत मिळतो. रुग्णालयात किंवा डिस्चार्जनंतर सात दिवसांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख, आठव्या ते तिसाव्या दिवसात झाल्यास १ लाख अशी तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याचा आकडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्याचे निदान झाल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल व्हावा लागतो. दिवस मोजायचे ते निदानापासून, बाळंतपणापासून नव्हे. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' या एका वाक्याने जेवढे दावे बुडाले असतील तेवढे इतर कशानेही बुडाले नसतील.

अर्जाचा नमुना शस्त्रक्रिया झालेल्या केंद्रातच मिळतो. त्यातला वैद्यकीय दाखल्याचा भाग डॉक्टर भरतात, आणि प्रकरण तालुक्यामार्फत जिल्हा गुणवत्ता हमी समितीकडे जाते. संमतिपत्राची आणि प्रमाणपत्राची प्रत, आणि अपयशाचा पुरावा, म्हणजे सोनोग्राफी, गर्भपाताचा अहवाल किंवा नवऱ्याची वीर्यतपासणी, सोबत जोडावी. अर्ज तोंडी देऊ नये, आशाताईंच्या हाती सोपवून निश्चिंत होऊ नये. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. केंद्राने अर्ज घेण्यास नकार दिला तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांना पाठवावा.

सावधान : सरकारी संमतिपत्रात शस्त्रक्रिया अयशस्वी होऊ शकते हे मान्य असल्याचे, आणि तसे झाल्यास योजनेच्या रकमेपेक्षा अधिक भरपाई न्यायालयात मागणार नाही असे कलम असते. रक्कम घेताना 'पूर्ण व अंतिम तडजोड' अशी आणखी एखादी पावती पुढे केली जाऊ शकते. हलगर्जीपणाचा दावा करण्याचा विचार असेल तर ती वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. अपयशाची कल्पना देऊन घेतलेली संमती ही नैसर्गिक अपयशासाठी असते. एकच नलिका बांधून प्रमाणपत्र देण्याला कोणी संमती दिलेली नसते, हा युक्तिवाद मोकळा ठेवायचा असतो.

खाजगी, शासनमान्यता नसलेल्या रुग्णालयात, उदाहरणार्थ सिझेरियनच्या वेळीच नलिका बांधून घेतल्या असतील, तर ही योजना लागू नाही. त्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावे.

टप्पा ६ : हलगर्जीपणा खरोखर होता का?

हा प्रश्न रागाने सोडवू नये. नलिका नीट कापून किंवा रिंग टाकूनही शरीर त्या पुन्हा जोडू शकते. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा करून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा वर्षांत दर १,००० स्त्रियांमागे सुमारे १८ जणींना गर्भ राहिल्याचे दिसले. म्हणूनच पंजाबच्या २००५ च्या निकालात न्यायालय म्हणते की, डॉक्टरने शंभर टक्के हमी दिली होती किंवा शस्त्रक्रिया करताना हलगर्जीपणा केला, हे सिद्ध झाले तरच भरपाई. केवळ गर्भ राहिला म्हणून नाही. त्याच शाखेतला सामान्य कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता तसा हा वागला का, ही कसोटी.

याउलट हरियाणा राज्याच्या प्रकरणात, २४ एप्रिल २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ५४,००० रुपयांची भरपाई कायम केली. तिथे फक्त उजवी नलिका बांधली होती, डावीला हातच लावला नव्हता, आणि तरी संपूर्ण नसबंदी झाल्याचे प्रमाणपत्र दिले होते. सरकारी डॉक्टरच्या चुकीला राज्य जबाबदार, हेही त्यात ठरले. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असे समजून लोक गोंधळतात. दोन्हीत फरक आहे तो पुराव्याचा : २००० मध्ये चूक दिसत होती, २००५ मध्ये नव्हती.

त्यामुळे आपले प्रकरण खालीलपैकी कशात बसते ते पाहावे.

दावा बळकट असतो तो एकच नलिका बांधली, नलिकेऐवजी शेजारचा अस्थिबंध (गर्भाशयाला धरून ठेवणारा दोरीसारखा पट्टा) बांधला, पाळीची तारीख न पाहता शस्त्रक्रिया केली, वीर्यतपासणीशिवाय प्रमाणपत्र दिले, किंवा पाळी चुकल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तपासणी न करता परत पाठवले आणि गर्भपाताची मुदत गेली, अशा प्रकरणांत. हे शेवटचे कारण लोक विसरतात. वास्तविक ते सिद्ध करणे शस्त्रक्रियेतल्या चुकीपेक्षा सोपे असते आणि 'मूल स्वतःच ठेवले ना' या युक्तिवादालाही त्यातून उत्तर मिळते. पहिल्या टप्प्यातली वहीतली नोंद उपयोगी पडते ती इथे.

आधीच्या शस्त्रक्रियांमुळे पोटातले अवयव एकमेकांना चिकटलेले असतील तर नलिका ओळखताना चूक होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरने अडचण टिपणात लिहून दुसरे साधन वापरायला सांगितले होते का, हे पाहावे. नलिका पुन्हा जुळल्या असतील तर फौजदारी, दिवाणी असा कोणताच दावा करू नये. योजनेचे पैसे घ्यावेत आणि थांबावे. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे की अशा दाव्यांत बाईची तीन-चार वर्षे आणि बसभाडे जाते, हाती काही येत नाही.

टप्पा ७ : पोटातला पुरावा

मग नलिकांचे नेमके काय झाले हे कळणार कसे? ते डोळ्यांनी पाहण्याची संधी एकदाच मिळते : सिझेरियन झाले तर त्या वेळी, किंवा गर्भपाताबरोबर वा बाळंतपणानंतर पुन्हा नसबंदी केली तर त्या वेळी. ही दुसरी शस्त्रक्रिया शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात, जमल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करून घ्यावी, आणि भरती होतानाच डॉक्टरांना लेखी विनंती द्यावी. विनंती साधी असावी :

'माझी या तारखेला नसबंदी झाली होती. शस्त्रक्रियेदरम्यान दोन्ही बाजूंच्या नलिकांची स्थिती, रिंग किंवा बांधल्याची खूण आहे की नाही, असल्यास कोठे आहे, हे टिपणात लिहावे. नलिकेचा काढलेला भाग तपासणीसाठी पाठवून अहवालाची प्रत द्यावी.'

डॉक्टरांशी बोलताना 'आम्हाला केस करायची आहे' असे म्हणू नये. कोणीही डॉक्टर सहकाऱ्याविरुद्ध साक्षीदार व्हायला उत्सुक नसतो, पण 'पुन्हा असे होऊ नये म्हणून कारण कळायला हवे' हे कोणालाही पटते, आणि ते खरेही असते. 'डावीकडे रिंग आढळली नाही, नलिका अखंड' अशी एक ओळ डिस्चार्ज कार्डावर आली तर दहा साक्षीदारांचे काम होते.

दुसरी शस्त्रक्रिया करायची नसेल, तर बाळंतपणानंतर नलिकांत औषध सोडून एक्स-रे काढण्याची तपासणी करता येते. तिने नलिका मोकळी आहे एवढे कळते. ती आधी बांधलीच नव्हती की बांधून पुन्हा जुळली, हे कळत नाही. केवळ तिच्या आधारे दावा उभा करू नये.

टप्पा ८ : कुठे जायचे

खाजगी रुग्णालयात पैसे भरले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडेच जायचे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. गर्भ राहिल्याचे कळले त्या दिवसापासून ती धरून चालावे, उशीर माफ होईल या भरवशावर राहू नये.

सरकारी केंद्रात मोफत शस्त्रक्रिया झाली असेल तर ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते तिथला रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. जिथे काही जण पैसे देतात तिथला मोफत रुग्णही ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्राविरुद्धच्या तक्रारी याच मुद्द्यावर फेटाळल्या जातात, आणि तोपर्यंत दिवाणी दाव्याची मुदत निघून जाते. अशा प्रकरणांत दिवाणी न्यायालय, किंवा चूक कागदावरूनच स्पष्ट असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका, हे मार्ग उरतात.

दिवाणी दाव्याआधी राज्य शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते, आणि जिल्हा परिषदेविरुद्धच्या दाव्याला तिच्या स्वतःच्या कायद्यातली नोटीस आणि अधिक आखूड मुदत लागू होऊ शकते. ग्रामीण रुग्णालय राज्याचे, आरोग्य केंद्र परिषदेचे, शिबिराला आलेले शल्यचिकित्सक तिसरीकडचे. कोणाला प्रतिवादी करायचे हे डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या छापील ओळीवरून ठरवावे, अंदाजाने नव्हे.

पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा हट्ट धरू नये. फौजदारी जबाबदारीसाठी हलगर्जीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी ठरवले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे केलेल्या तक्रारीतून डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पैसे मिळत नाहीत.

तपासून पाहा : विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे कलम दाखवावे.

टप्पा ९ : मागणी कशी मांडावी

एकच ढोबळ आकडा लिहू नये. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आणि बाळंतपणाचा खर्च, बुडालेली मजुरी, शारीरिक-मानसिक त्रास आणि व्याज अशा बाबी वेगळ्या लिहाव्यात. पालनपोषणाचा खर्च मागायचा असेल तर तो स्वतंत्र बाब म्हणून मागावा आणि गर्भ का ठेवावा लागला याची हकीकत लगेच त्याखाली द्यावी, म्हणजे ती बाब नाकारली गेली तरी बाकीची मागणी टिकते. योजनेतून मिळालेली रक्कम लपवू नये. ती शासनाच्या दप्तरात असतेच, आणि लपवल्याचे उघड झाले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

तक्रारीत 'डॉक्टरांनी निष्काळजीपणे शस्त्रक्रिया केली' असे मोघम वाक्य अनेक जण लिहितात. त्याऐवजी नेमके काय करायला हवे होते, काय केले नाही, आणि ते कोणत्या कागदावरून दिसते, या तीन गोष्टी प्रत्येक आरोपाखाली लिहाव्यात. स्त्रीरोगतज्ज्ञाचे लेखी मत सोबत असावे. चूक उघड असेल तर तज्ज्ञाशिवायही दावा चालतो, पण नलिकांच्या प्रकरणात तो भरवसा धरू नये.

जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस मिळतात. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा, आणि मूळ कागदांचा संच वकिलाकडे न ठेवता घरीच ठेवावा. वकिलाला छायाप्रती द्याव्यात.